सीलिंगच्या प्लास्टरआधी सामान कुठं न्यायचं?

वन बीएचके आहे, बेड कपाट हलवायला जागाच नाही, नुसतं प्लॅस्टिक टाकून भागेल का असं विचारलंय ना, भागेल पण ते पातळ प्लॅस्टिक नको. आमचं वाशीतलं घर जुनं, स्लॅबच्या सळ्या गंजलेल्या, मिस्त्रीने ठोकायला घेतलं आणि विटेएवढा पोपडा प्लॅस्टिक फाडून थेट बेडवर, नशीब खाली जुनी गोधडी होती. सगळं एका अर्ध्या भागात सरकवा, आधी मोकळी बाजू करून घ्या मग उलट. पंखा उतरवा, एमसीबी (वीज तोडायचा खटका) खाली पाडा, एसीला प्लॅस्टिक गुंडाळून कडेने मास्किंग टेप. लादीवर गोणपाट टाका, प्लॅस्टिकवर मिस्त्रीचा घोडा (उभं राहायचा स्टँड) सरकतो. आणि देव्हारा आदल्या रात्रीच हलवा, आमच्या आईने सकाळी कामच थांबवलेलं :)