‘सेल्फ अलाइनिंग बेरिंग’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न, फोंड्याहून : मामांच्या भातगिरणीत पंख्याचा लांब शाफ्ट (दांडा) दोन पेडेस्टलवर, म्हणजे बेरिंगच्या बैठकींवर, फिरतो. त्यांच्याखालचे दोन्ही चौथरे चिऱ्यांचे, पण वेगवेगळे. फिटर म्हणाला, ‘सेल्फ अलाइन बेरिंग घाला, शाफ्ट आपसूक सरळ होईल.’ कामगारांसाठी देखभालीची वही मराठीत लिहितोय, तिथे मी ‘स्वयंसंरेखी धारवा’ लिहिलं. बरोबर आहे का?

कुंडईहून : ‘धारवा’ विश्वकोशातला, शब्द चांगला आहे. पण गिरणीच्या वहीत बेरिंगच लिहा. खरी अडचण ‘स्वयंसंरेखी’ची. फिटरनं काढला तोच चुकीचा अर्थ त्यातून निघतो. हे बेरिंग शाफ्ट सरळ करत नाही. शाफ्ट तिरपा असला तरी स्वतः कलून फिरत राहतं, एवढंच. कपलिंग (दोन शाफ्ट जोडणारा सांधा) वाकडं बसलं असेल तर त्याचं रबर झिजणारच.

आत गोळ्यांच्या दोन रांगा असतात. आतल्या कड्याला दोन खाचा. बाहेरच्या कड्याची आतली बाजू मात्र सलग, पोकळ गोलाच्या पट्टीसारखी. त्यामुळे आतलं कडं गोळ्या आणि त्यांना अंतरावर धरणाऱ्या पिंजऱ्यासकट खांद्याच्या सांध्यासारखं कलतं, साधारण दीड ते तीन अंश. साध्या बॉल बेरिंगला अंशाचा सहावा हिस्सासुद्धा जड जातो. 1907 साली स्वीडनच्या गोथेनबर्गमध्ये स्वेन विंगक्विस्टनं हे शोधलं तेही कापडगिरणीत. चिकणमातीची जमीन खचायची आणि शाफ्टची ओळ बिघडायची. तुमच्या दोन चौथऱ्यांची गोष्ट वेगळी नाही.

घेताना नंबर नीट वाचा. 1206 हे कलणारं बेरिंग : भोक 30, बाहेरून 62, जाडी 16 मिलिमीटर. 6206 चं मापही अगदी हेच! दुकानात एक नसलं की दुसरं हातात पडतं, आणि ते पेडेस्टलच्या खोबणीत बसतंही. पण 6206 साधं बेरिंग, ते कलत नाही. नंबरापुढे ‘के’ लागला तर भोक निमुळतं, स्लीव्हवर (शाफ्टवर चढवायच्या निमुळत्या नळीवर) बसणारं. स्लीव्हचं नट आवळल्यावर बाहेरचं कडं हातानं फिरवून आणि कलवून बघा. अडलं तर जास्त आवळलंय.

डिचोलीहून : ‘सोशिक बेरिंग’ कसं वाटतं? आणखी एक : बाजारात यूसी 206 लाही सेल्फ अलाइन म्हणतात. त्याची बाहेरची पाठ चेंडूसारखी फुगीर असते, म्हणून बसवताना ते पेडेस्टलमध्ये एकदा जुळतं. आत गोळ्यांची एकच रांग. चालताना लवणाऱ्या शाफ्टला ते उपयोगाचं नाही.

कुंडईहून : यूसीचा मुद्दा वहीत हवाच. ‘सोशिक’ शब्द गोड आहे, पण माणूस समजेल की भारही सोसतं. तसं नाही. त्याच मापाच्या 6206 पेक्षा 1206 कमी भार घेतं, आणि शाफ्टच्या दिशेनं येणारा रेटा तर फारच थोडा. भार जड आणि तिरपेपणाही असेल तिथे 222 मालिकेतलं रोलरचं बेरिंग लागतं. मी ‘कलतं बेरिंग’ म्हणेन.

फोंड्याहून : देव बरें करूं, बाब. वहीत लिहिलं : ‘कलतं बेरिंग (दुकानात सेल्फ अलाइन म्हणून मागा, 1206 नंबर बघून घ्या, यूसी नको, 6206 नको).’ चौथऱ्यांची पातळी रविवारी नळीनं तपासतो.