टाच दुखतेय: वेटलिफ्टिंग थांबवायचं की बदलायचं?

प्रश्न – हौशीलिफ्टर

आठवड्यातून तीन दिवस वेटलिफ्टिंग: बॅक स्क्वॉट, डेडलिफ्ट, पॉवर क्लीन (बार जमिनीवरून झटक्यात खांद्यावर घेणं), स्प्लिट जर्क (एक पाय पुढे, एक मागे टाकत बार खांद्यावरून डोक्यावर नेणं) आणि शेवटी दोरीउड्या. उजवी टाच खालून, थोडी आतल्या बाजूला दुखते. सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली काही पावलं टाकवत नाहीत, मग सैल होते. बराच वेळ बसून उठलं की पुन्हा तेच. स्क्वॉटमध्ये त्रास नाही. जर्क आणि दोरीउड्या झाल्या की संध्याकाळी ठणका लागतो. एक्स-रेमध्ये टाचेचं हाड वाढलेलं दिसलं आणि पूर्ण विश्रांतीचा सल्ला मिळाला. पूर्ण विश्रांती खरंच गरजेची आहे का? नसेल तर काय चालू ठेवायचं, काय बंद करायचं आणि टाचेसाठी नेमका कोणता व्यायाम करायचा?

उत्तर १ – पोटरीपुराण

वाढलेल्या हाडाची धास्ती घेऊ नका. टाच अजिबात दुखत नसलेल्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेमध्येही ते दिसतं आणि ते तसंच राहूनही दुखणं पूर्ण जातं.

तुम्ही सांगितलेली लक्षणं प्लांटर फॅसायटिसची आहेत. टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत तळव्यात एक जाड पट्टा असतो, तो हाडाला चिकटतो तिथे दुखतं. खात्री करायची तर बसून पायाची बोटं हाताने वर ओढा आणि अंगठ्याने टाचेच्या आतल्या-पुढच्या कडेवर दाबा. नेमकं तिथेच दुखलं तर शंका जवळजवळ मिटली.

दुखण्याची जागा मात्र नीट बघा, कारण उपाय तिच्यावर ठरतो. टाचेच्या बरोबर मधोमध, कडक फरशीवर उभं राहिल्यावर, ठेचल्यासारखं दुखत असेल तर तो चरबीच्या गादीचा त्रास असू शकतो. तिथे ताण देण्यापेक्षा मऊ हील कप (बुटात टाचेखाली घालायची वाटीसारखी गादी) आणि टेपिंग (टाचेला चिकटपट्टीचा आधार) जास्त कामाचं. टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत धरून दाबल्यावर जोरात कळ येत असेल आणि दुखणं दिवसागणिक वाढत असेल तर हाडाला सूक्ष्म तडा गेलेला असू शकतो. अशा वेळी वजन उचलणं बंद आणि आधी तपासणी. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये असा तडा बऱ्याचदा दिसत नाही, त्याला एमआरआय लागतो.

उत्तर २ – सावकाशरेप

पूर्ण विश्रांतीत दुखणं कमी होतं, पण पट्ट्याची ताण सोसायची ताकदही घटते. म्हणून परत आल्यावर पहिल्याच जोरदार दिवशी ते उलटतं. ताण द्यायचाच आहे, फक्त मोजून.

पायरीच्या कडेवर पावलाचा पुढचा भाग ठेवा, टाच हवेत. बोटांखाली टॉवेलची घट्ट गुंडाळी, इतकी जाड की वर गेल्यावर बोटं पूर्ण मागे वळतील. बोटं वळली की तळव्याचा पट्टा ताणला जातो, आणि या व्यायामाचं सगळं मर्म तिथेच आहे. एका पायावर ३ सेकंदांत वर, २ सेकंद थांबा, ३ सेकंदांत खाली. दिवसाआड. सुरुवातीला १२ रेप्स (आवर्तनं) जेमतेम होतील इतक्या वजनाने ३ सेट. दोन आठवड्यांनी वजन वाढवून १० चे ४ सेट, चार आठवड्यांनी ८ चे ५ सेट. बारा जमत नसतील तर आधी दोन्ही पायांवर करा. लिफ्टरला बहुतेकदा उलट अडचण येते, शरीराचं वजन पुरत नाही. मग पाठीवरच्या सॅकमध्ये प्लेट घाला किंवा एका हातात डंबेल घेऊन दुसऱ्या हाताने भिंतीचा आधार घ्या.

चुका ठरलेल्या असतात. टॉवेल पातळ असतो, त्यामुळे नुसती पोटरी काम करते. सेकंद मनात भराभर मोजले जातात. वर जाताना पाऊल बाहेरच्या कडेवर कलंडतं, तेव्हा अंगठ्याच्या बुंध्यावर भार ठेवा. आणि उत्साहाने रोज केला जातो. तसं केलं तर दोन सत्रांमध्ये सावरायला वेळच मिळत नाही.

डेन्मार्कमधल्या एका चाचणीत याच पद्धतीची तुलना नुसत्या स्ट्रेचिंगशी झाली होती. तीन महिन्यांनी हा व्यायाम करणारे स्पष्टपणे पुढे होते, वर्षाने दोन्ही गट सारखेच. म्हणजे फायदा लवकर बरं वाटण्याचा आहे, पण त्यालाही महिने लागतात. दोन आठवड्यांत फरक नाही म्हणून सोडू नका.

सकाळसाठी वेगळं: पाय जमिनीला लावण्याआधीच पाय दुसऱ्या गुडघ्यावर घेऊन बोटं नडगीच्या दिशेने ओढा. १० सेकंद धरा, असं १० वेळा. दिवसातून तीनदा.

उत्तर ३ – रॅकवाला

जिममधल्या बदलांबद्दल. स्क्वॉट आणि डेडलिफ्ट चालू ठेवा. स्प्लिट जर्क काही काळ बंद: पुढची टाच आदळते आणि मागच्या पायाची बोटं भाराखाली पूर्ण वळतात. त्याऐवजी पुश प्रेस (पावलं न उचलता, गुडघ्यांच्या हलक्या झटक्याने बार डोक्यावर ढकलणं). पॉवर क्लीनमध्ये पाय आपटायची सवय असेल तर क्लीन पुलवर या (बार फक्त वर ओढायचा, खांद्यावर घ्यायचा नाही). लंजऐवजी (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवणं) बल्गेरियन स्प्लिट स्क्वॉट, मागचं पाऊल पालथं बाकावर टेकवून, म्हणजे बोटं वळत नाहीत. दुखरा पाय मागे असताना हे विशेष पाळा. स्लेड (वजन लादलेली घसरगाडी) ढकलणं आणि बर्पीसुद्धा (खाली आडवं होऊन उठून उडी मारणं) बोटं अशीच वळत असल्याने त्रास देतात, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. दोरीउड्यांच्या जागी सायकल किंवा रोइंग.

लिफ्टिंग शूची टाच साधारण १५ ते २० मिलिमीटर उंच असते, पण ती टणक असते. स्क्वॉटला उत्तम, धक्का शोषायला निरुपयोगी. सेट संपले की बदला. घरात कडक फरशीवर अनवाणी फिरू नका, चपला अंथरुणाशेजारीच ठेवा.

किती दुखलेलं चालेल? व्यायामात दहापैकी तीन-चारपर्यंत चालेल, पण दुसऱ्या सकाळची पहिली पावलं आदल्या सकाळपेक्षा वाईट नसावीत. वाईट असतील तर पुढच्या वेळी वजन नव्हे, आधी सेट कमी करा.

प्रश्न – क्लीनअँडजर्क

टाचेच्या मागे, बूट घासतो तिथे दुखत असेल तरी हेच करायचं का?

उत्तर – पोटरीपुराण

नाही, इथे घाई नको. ते अकिलीस टेंडन (पोटरीला टाचेशी जोडणारा जाड दोर) हाडाला जिथे जुळतं तिथलं दुखणं. टाच पायरीखाली गेली की टेंडन हाडावर दाबलं जातं आणि चिडतं. म्हणून टाच उचलण्याचा व्यायाम सपाट जमिनीवर करा, टाच जमिनीच्या खाली नेऊ नका. पोटरीचं जोरदार स्ट्रेचिंगही बंद. खोल स्क्वॉटमध्ये गुडघा पुढे जातो तेव्हा हाच दाब येतो, त्यामुळे इथे उंच टाचेचा लिफ्टिंग शू खरंच उपयोगी. फक्त त्याची मागची कड दुखऱ्या जागी रुतत नाही ना, ते बघा.

उत्तर ४ – फिजिओताई

स्टेरॉइडच्या इंजेक्शनबद्दल विचारलं नाहीत, पण पुढे सुचवलं जाईल. काही आठवडे आराम पडतो, मात्र पट्टा फाटण्याचा आणि टाचेची चरबी झिजण्याचा धोका असतो. आराम पडला म्हणून लगेच जर्क सुरू करणं तर सर्वांत धोक्याचं.

रात्री झोपेतही ठणका, तळव्याला मुंग्या किंवा जळजळ, उडी मारताना 'टक्' होऊन तळवा काळानिळा पडणं, यांपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टर. दोन्ही टाचा दुखत असतील आणि सकाळी कंबरही अर्ध्या तासाहून जास्त आखडून हालचालीने मोकळी होत असेल तर संधिवाताच्या तज्ज्ञांना दाखवा.

हौशीलिफ्टर

सगळ्यांचे आभार. दोरीउड्या परत कधी सुरू करता येतील?

सावकाशरेप

सलग दोन आठवडे सकाळचं दुखणं दहापैकी एकच्या आसपास असेल आणि एका पायावर २० वेळा टाच उचलणं न दुखता होत असेल, तेव्हा. रबरी मॅटवर, दोन्ही पायांनी, २० उड्यांचे ३ सेट, मधे दोन दिवस मोकळे. दुसरी सकाळ ठीक गेली तरच पुढच्या वेळी प्रत्येक सेटमध्ये १० उड्या वाढवा. जर्क त्यानंतर, तोही आधी रिकाम्या बारने.