मदत हवी आहे: आयटूसीची हेडर फाइल नेटबीएसडीवर कशी वापरायची?

आयटूसीवर (चिप जोडायची दोन तारांची बस) असलेला बीएमई२८० हा तापमान-आर्द्रता-दाबाचा सेन्सर वाचणारा एकच सी प्रोग्रॅम लिनक्स, फ्रीबीएसडी आणि नेटबीएसडी या तिन्हींवर कंपाइल करायचा आहे. पहिल्या दोघांचं जमलंय, तिसऱ्यावर गाडी अडली.

डेबियनवर 'लिनक्स/आयटूसी-डेव्ह.एच' यूएसआर/इन्क्लूडमध्ये लिनक्स-लिबसी-डेव्ह पॅकेजमधून येते. (कर्नल-हेडर्सच्या सोर्स फोल्डरकडे पाथ वळवू नका, ती हेडर्स मॉड्यूलसाठी असतात.) जुन्या कोडमधली एसएमबस (आयटूसीवर आधारलेला प्रोटोकॉल) फंक्शन्स आयटूसी-टूल्स ४.० पासून 'आयटूसी/एसएमबस.एच'मध्ये गेली आणि लिबआयटूसी लिंक करावी लागते. म्हणून ती टाळून थेट आरडीडब्ल्यूआर आयओसीटीएल (ड्रायव्हरला वाचन-लेखनाची आज्ञा देणारा कॉल) वापरलंय.

फ्रीबीएसडीवर तेच काम 'डेव्ह/आयआयसीबस/आयआयसी.एच' करते. रचना लिनक्ससारखीच, पण सेन्सरचा पत्ता एक बिट डावीकडे सरकवून द्यावा लागतो: हेक्स ७६ चा हेक्स ईसी. हे विसरलं तर कंपाइलर गप्प बसतो आणि चिप उत्तर देत नाही. सगळ्यांत चिडवणारी चूक हीच.

नेटबीएसडीवर 'डेव्ह/आयटूसी/आयटूसी_आयओ.एच' सापडली. तिथे एक्झेक आयओसीटीएलमध्ये आधी कमांड बफर, मग डेटा बफर असे दोन वेगळे द्यायचे असतात.

प्रश्न दोन:

रजिस्टर एफ७ पासून सलग ८ बाइट वाचताना कमांड बफरमध्ये फक्त १ बाइट आणि 'रीड विथ स्टॉप' एवढं पुरेल का?

आणि हेडर निवडायला हॅज-इन्क्लूड (हेडर सापडते का, हे कंपाइल करतानाच तपासणं) बरं की ओएसचे मॅक्रो? क्रॉस-कंपाइल (दुसऱ्या सिस्टिमसाठी कंपाइल) करताना सिसरूट (त्या सिस्टिमच्या हेडर्सचा फोल्डर) चुकला तर पहिला उपाय होस्टचीच हेडर उचलेल, अशी शंका आहे.

चालणारा तुकडा असेल तर टाका.