मदत हवी आहे: पाळी आणि रजोनिवृत्तीवरून भेदभाव होऊ नये म्हणून ऑफिसच्या नियमात नेमकं काय लिहावं?

नमस्कार मंडळी,

कंपनीची नियमावली नव्याने लिहायची आहे आणि त्यातला हा भाग माझ्या गळ्यात पडलाय. शाखा वेगवेगळ्या देशांत, त्यामुळे एखाद्या कायद्याकडे बोट दाखवून मोकळं होता येत नाही. मी वकील नाही. कामगार कायदा किंवा एचआर बघणारं इथे कोणी असेल तर कृपया वाचा.

पहिल्याच बैठकीत सगळ्यांनी पाळीच्या रजेचा धोशा लावला. जपानमध्ये ही रजा १९४७ पासून कायद्यात आहे, पण ती पगारी असावी असं बंधन नाही आणि घेणाऱ्या बायका अगदी मोजक्या. साहेबाला जाऊन सांगणार कोण? स्पेनने २०२३ मध्ये डॉक्टरांच्या दाखल्यावर रजा दिली, खर्च सरकारी सामाजिक सुरक्षेतून. निदान मालकाला कुरकुरायला जागा नाही. सक्तीची रजा आली तर बायकांना कामावर घ्यायलाच लोक कचरतील, ही भीती भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये बोलून दाखवलीच होती.

रजा असू दे, पण मला त्याआधी संरक्षण हवंय. अमेरिकेत जॉर्जियात एका बाईला रजोनिवृत्तीच्या काळात अचानक जास्त रक्तस्राव होऊन ऑफिसात डाग पडले म्हणून कामावरून काढलं. २०१७ मध्ये खालच्या कोर्टाने तिचा दावा फेटाळला! ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात रजोनिवृत्तीचा वेगळा उल्लेख नाही. लिंग, वय किंवा अपंगत्व यांपैकी कशात तरी बसवावं लागतं. लक्षणं दीर्घकाळ टिकून रोजच्या जगण्यावर मोठा परिणाम करत असतील तर ते अपंगत्व मानलं जाऊ शकतं आणि मग मालकाने वाजवी सोयी करायला हव्यात, असं तिथल्या समानता आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट केलं. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्याने २०२५ मध्ये रजोनिवृत्तीचं थेट नाव घेऊन कायदा केला. मला हाच मार्ग बरा वाटतो. घाम फुटतो, झोप होत नाही, एवढ्यासाठी बाईने स्वतःला अपंग का म्हणवून घ्यावं?

अडलंय ते इथे. आमचे अकाउंट्सवाले दाखल्यावर अडून बसलेत. पण या वयात हार्मोन्स सतत वरखाली होतात, एका रक्तचाचणीने काही ठरत नाही. पंचेचाळिशीनंतर डॉक्टर बहुधा लक्षणांवरूनच निदान करतात. मग दाखला न मागता सोय द्यायची, तर नियमाची भाषा कशी असावी? माहिती थेट वरिष्ठाकडे न जाता एचआरपर्यंतच राहील, हे कसं बांधून घ्यायचं? आणि वार्षिक मूल्यमापनात बाथरूमला गेलेली मिनिटं 'जागेवर नसणे' म्हणून मोजली जातात, ते भेदभावाच्या व्याख्येत बसवता येईल का?

कोणाकडे असा नियम लागू असेल तर कंपनीचं नाव काढून मजकूर इथे टाका. नुसतं 'संवेदनशीलतेने वागावे' असलं वाक्य मात्र नको, ते आमच्याकडे आधीपासून आहे.