पहिली दोन इंजेक्शनं दिली, पुढची राहिली, असं का होतं?

फुलेवाडीची वैनी
एक विचारायचंय. आमच्या खालच्या खोलीत एक जोडपं भाड्यानं राहतंय, तो गोकुळ शिरगाव एमआयडीसीत कामाला, ती घरीच, बाळ १३ महिन्याचं. परवा सहज बाळाचं लसीचं कार्ड बघितलं तर जन्माच्या वेळचं, दीड महिन्याचं, अडीच महिन्याचं एवढंच भरलेलं, पुढं सगळं कोरं. साडेतीन महिन्याचं नाही आणि नऊ महिन्याचा गोवराचा डोस पण नाही. विचारलं तर "राहिलं ओ वैनी" म्हणाली आणि विषयच बदलला. पोरगी बारावी झालेली, बाळाला एवढी जपते की बाहेरचं पाणी सुद्धा पाजत नाही, आणि सरकारीत एक रुपया पडत नाही, मग राहतं कसं? लोकांचा लसीवर विश्वास नसतो म्हणून का दुसरं काय असतं? मी घरमालकीण, मी बोलले की तिला दरडावल्यागत वाटायचं, म्हणून आधी तुम्हाला विचारते.

दोन लेकरांची आई
वैनी, मी स्वतः हे केलंय म्हणून लिहिते. थोरलीचं बाळंतपण माहेरी, गारगोटीकडं. दीड आणि अडीच महिन्याचं तिथंच झालं, आशाताई घरी येऊन बोलवून न्यायच्या. अडीच महिन्याच्या इंजेक्शनला रात्रभर ताप, मांडी टम्म सुजलेली, पोर पायाला हात लावू देईना, मी आणि आई आळीपाळीनं खांद्यावर घेऊन फिरत होतो. आणि लगेच सासरी यायचं ठरलं. साडेतीन महिन्याचं इंजेक्शन नेमकं तेव्हाच येतं बघा, बाळंतीण सासरी निघायच्या टायमाला! तिकडच्या यादीत मी सासरी गेलेली आणि इकडच्या आशाताईंना मी आलेलीच माहीत नाही. सासूबाई म्हणाल्या एवढं तापतंय तर जरा मोठी होऊ दे, त्या पण मायेनंच म्हणत होत्या. मग सर्दी झाली, मग जोतिबाची यात्रा, मग दिराचं लग्न, असं करत करत पोर आठ महिन्याची झाली. तेव्हा एकदा धीर करून गेले तर तिथल्या बाई सगळ्यांसमोर "एवढे दिवस झोपला होता काय" म्हणाल्या, मी रडत तशीच परत आले, डोस न देता. त्यानंतर लसीच्या दिवशी त्या रस्त्यानं जायचंसुद्धा टाळत होते. विश्वास होता ओ माझा, तोंड दाखवायची लाज वाटत होती. तुमच्या पोरीचं "राहिलं ओ" वाचलं आणि माझंच आठवलं.

निवृत्त सिस्टर
वरच्या ताईंचं वाचून वाईट वाटलं, आम्ही काहीजणी खरंच तसं बोलतो आणि त्या एका वाक्यानं बाळ लसीतून कायमचं सुटतं. ३० वर्षं उपकेंद्रावर काढली, उघड "लस नको" म्हणणारी घरं मी बोटावर मोजण्याइतकी बघितली, सुटलेली पोरं मात्र गावोगावी.

आमच्या बाजूचं अजून एक सांगते. गोवर-रुबेलाची बाटली एकदा विरघळवली की ४ तासांत वापरावी लागते, उरलेली टाकायची, जन्माच्या वेळच्या बीसीजीचं (टीबीवरची लस) पण तसंच. त्यामुळे एकच बाळ आलं की काही ठिकाणी "पुढच्या वेळी या" म्हणून पाठवतात. हे चूक आहे, एका बाळासाठी सुद्धा बाटली फोडायची असते. ज्या बाईनं रोजगार बुडवून बाळ आणलं ती परत कशाला येईल?

आणि पोलिओ रविवार. थेंब पाजले, करंगळीला शाई लागली की आज्ज्या म्हणतात झाली लस. ते थेंब पोलिओचेच असतात, घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात ह्याला दीड, अडीच, साडेतीन महिन्याला देतात ते पेंटाचं इंजेक्शनच लागतं. तापाला घाबरू नका, एक-दोन दिवसात उतरतो. सुजेवर शेक, मालिश, लेप काही नको.

आता तुमच्या बाळाचं. पहिल्यापासून सुरू करायला लागत नाही! जिथं थांबलं तिथून पुढं. पेंटाचा पहिला डोस वर्षाच्या आत झालाय, त्यामुळे राहिलेला तिसरा आताही मिळतो, त्याच दिवशी दंडावर गोवर-रुबेला पण देतात. साधी सर्दी असली तरी चालतं. गोवर लांबवू नका, २०२२ ला मुंबईत गोवंडीकडं गोवरानं लेकरं दगावली.

शिरोळचा शेतकरी
आमच्याकडं दिवाळी झाली की बीडकडच्या ऊसतोड टोळ्या येतात, फडाच्या कडेला कोप्या, त्यात तान्ही पोरं. यंदा एका बाईला विचारलं तर कार्ड गावाकडं पेटीत आणि पहाटे कोयता घेऊन फडात जाणार, दवाखाना उघडायच्या टायमाला ती उसात. तिला अडाणी म्हणायचं का आपण? आमच्या आशाताई मुकादमाला गाठून संध्याकाळी कोपीवर याद्या करतात तेव्हा कुठं काम होतं. आता यू-विनवर, म्हणजे सरकारच्या लसीकरणाच्या ऑनलाइन यादीत, नोंद असली तर कार्ड नसलं तरी दुसऱ्या गावात डोस मिळतो म्हणतात, ते टोळीतल्या सगळ्यांना कळायला पायजे.

फुलेवाडीची वैनी
सगळ्यांचे आभार. काल खाली गेले, कार्डाचं नावच काढलं नाही, माझ्या पोराची मांडी कशी सुजली होती आणि मी कशी घाबरले होते ते सांगत बसले. मग तिनंच सांगितलं, माहेर राधानगरीकडं, तिकडून आली तेव्हापासून राहिलंय, आणि आता गेलं तर बोलतील म्हणून नवऱ्याला पण सांगितलं नाही तिनं. पहिल्यापासून करायला लागत नाही म्हटल्यावर दोनदा विचारलं, "खरंच ना वैनी?" बुधवारी लसीचा दिवस आहे, मी बरोबर जाणार, कुणी काही बोललं तर मी बघून घेते. सिस्टर, तापाचे थेंब आधीच आणून ठेवू का?

निवृत्त सिस्टर
आणून ठेवा, पण किती द्यायचे ते बाळाच्या वजनावर असतं. तिथं वजन करा आणि सिस्टरकडून कार्डावर लिहूनच घ्या. डोस झाल्यावर अर्धा तास तिथंच बसा. पुढची तारीख तुमच्या कॅलेंडरवर पण लिहा, दीड वर्षाचा बूस्टर आणि गोवराचा दुसरा डोस राहतोय अजून.