गॅस-फी न भरता क्रिप्टोची अदलाबदल: फेरीबोट फुकट, मग डिझेल कोण घालतो?

मांडवीकाठ (पणजी):
दोन वर्षांपूर्वी घेतलेले ६० यूएसडीसी (एकाची किंमत एका डॉलरशी बांधलेलं क्रिप्टो) माझ्या वॉलेटमध्ये अडकून पडले होते. ते देऊन इथर घ्यायचं होतं. पण इथेरियम या ब्लॉकचेनवर अदलाबदलीला गॅस, म्हणजे व्यवहाराची फी लागते, गॅस भरायचा तो तिथल्याच इथर या नाण्यात, आणि वॉलेटात इथर शून्य. म्हणजे इथर घ्यायला आधी इथर हवं! शेवटी गॅसशिवाय अदलाबदल करून देणारं एक टूल वापरलं. वॉलेटमधून एका संदेशावर डिजिटल सही केली आणि दोन मिनिटांत काम झालं. काऊ स्वॅप, युनिस्वॅपएक्स, वनइंच फ्यूजन, अशी टूलं आता याच वाटेने चालली आहेत. माझं मत असं की नव्या माणसाला गॅस म्हणजे काय हे शिकण्याची गरजच पडू नये. पटत नसेल तर कारणासकट सांगा.

डिचोलीकर:
मला पटत नाही, आणि माझी हरकत 'गॅसशिवाय' या शब्दापासूनच आहे. रायबंदरहून चोडणला पायी जाणाऱ्याला फेरीबोटीत तिकीट नाही. म्हणून इंजिनात डिझेल पडत नाही का? ते सरकार घालतं, आपल्याच करातून. इथे सही तुम्ही केलीत, व्यवहार साखळीवर (ब्लॉकचेनवर) चढवला सॉल्व्हरने, म्हणजे तुमची ऑर्डर पुरी करून देणाऱ्याने. इथर त्याने मोजलं आणि तुमच्या ६० मधून वसूल केलं.

हिशेब पाहा. साधं इथर पाठवायला २१,००० युनिट गॅस लागतो, अदलाबदलीला सहज लाखाच्या वर. १,८०,००० युनिट धरा आणि भाव युनिटला ३० ग्वेई (ग्वेई म्हणजे इथरचा अब्जावा भाग). झाले ०.००५४ इथर. इथर २,५०० डॉलर धरलं तर साडेतेरा डॉलर. ६० डॉलरच्या व्यवहारात साडेतेरा! गॅसचा भाव १ ग्वेईवर असेल त्या दिवशी हाच खर्च ४५ सेंट. पडद्यावर गॅस 'शून्य' दिसला तर आज थांबायला हवं हे माणसाला कळणार कसं?

कुळागर (फोंडा):
डिचोलीकर, डिझेलचं बरोबर आहे, पण तुम्ही अर्धंच सांगता. नेहमीच्या पद्धतीत व्यवहार फसला तरी गॅस जातो. भाव सरकला, व्यवहार परतला, पैसे मात्र गेले. सहीच्या पद्धतीत ऑर्डर मुदतीत भरली गेली नाही तर तुमचं काहीच जात नाही, तो धोका सॉल्व्हरच्या डोक्यावर. शिवाय तुमचा व्यवहार सगळ्यांना दिसेल असा रांगेत उभा राहत नाही, त्यामुळे पुढे-मागे व्यवहार घुसवून भाव बिघडवणाऱ्यांचा त्रास कमी होतो. काऊ स्वॅपमध्ये सॉल्व्हर ऑर्डरसाठी आपापसात बोली लावतात. मला खर्च वेगळा दिसला नाही तरी चालेल. हातात किती पडणार तो आकडा आधी दिसतो, मी तोच बघते.

म्हापशेकर:
तुम्ही दोघं पैशांवर भांडताय. माझी भीती सहीची आहे, कारण मी त्यात पोळलोय.

गॅस लागतो तेव्हा वॉलेट खर्चाचा आकडा समोर ठेवतं आणि माणूस क्षणभर थांबतो. नुसत्या सहीला काहीच लागत नाही, म्हणून हात सैल सुटतो. मला एका साइटवर 'लॉग-इनसाठी सही करा' असं आलं. खाली बारीक अक्षरात होतं ते परमिट: अमुक वॉलेटच्या पत्त्याला माझं टोकन (वॉलेटातलं क्रिप्टो) उचलायची परवानगी, रक्कम अमर्याद. मी वाचलं नाही. गॅस त्या चोराने भरला आणि सगळं घेऊन गेला.

आणि आता खरं दुखणं ऐका. दिलेलं परमिट मोडायचं तर साखळीवर व्यवहार करावा लागतो, त्याला गॅस लागतो. मांडवीकाठ, तुमच्या वॉलेटात इथर शून्य होतं ना? चुकीच्या सहीवर बोट पडलं असतं तर ती मागे घ्यायला तुमच्याकडे काय होतं? म्हणून माझं म्हणणं: गॅसशिवाय अदलाबदल खुशाल करा, पण थोडं इथर बाजूला ठेवा. आणि सहीपूर्वी तीन गोष्टी वाचा: परवानगी कोणाला, किती रकमेची, कधीपर्यंत.

कुळागर (फोंडा):
वाईट वाटलं वाचून. तरी दोष परमिटवर सरसकट टाकू नका. नेहमीच्या पद्धतीत लोक गॅस भरूनसुद्धा अमर्याद परवानगी देतातच. आणि मांडवीकाठ यांच्याकडे यूएसडीसी होतं म्हणून सहीवर भागलं. इथेरियमवरच्या यूएसडीटीला (डॉलरशी बांधलेलं दुसरं टोकन) परमिटची सोय नाही, पहिली परवानगी गॅस भरूनच द्यावी लागते. 'कुठलंही टोकन, शून्य गॅस' असं कोणी सांगत असेल तर तो धडधडीत खोटं बोलतोय.

मडगावचा हिशेबनीस:
सगळे गॅसवर बोलताहेत, कराचं कोणी बोललं नाही. एक क्रिप्टो देऊन दुसरं घेतलं की आपल्या कायद्यात ते हस्तांतरणच. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के, वर उपकर. वजावट फक्त खरेदी किमतीची, गॅस किंवा सॉल्व्हरचा खर्च वजा होत नाही. तोटा झाला तर तो दुसऱ्या कशाशी वळता करता येत नाही. 'यूएसडीसी तर स्थिर, नफा कसला?' असं मला रोज विचारतात. स्थिर आहे तो डॉलरशी. रुपयात डॉलर जेवढा महागला तेवढा तुमचा नफा. १ जुलै २०२२ पासून १ टक्का टीडीएसही आहे. लहान रकमांना सूट आहे, मोठ्यांना नाही. त्या दिवशीचा रुपयातला भाव लिहून ठेवा. टूल तो लिहून देणार नाही.

मांडवीकाठ (पणजी):
सगळ्यांना देव बरें करूं. त्या वेळचा बाजारभाव आणि हातात आलेलं इथर ताडून पाहिलं. ६० डॉलरवर एक डॉलर दहा सेंट कमी आले. म्हणजे डिझेल मीच घातलं, डिचोलीकर. परमिटचं मला खरंच माहीत नव्हतं, आलेल्या इथरमधलं थोडं आता बाजूला काढलंय. पण माझ्याकडे दुसरा रस्ता नव्हता, हे मात्र मी सोडणार नाही.

डिचोलीकर:
होता. ओळखीतल्या कोणाकडूनही दोन डॉलरचं इथर मागवून घ्यायचं.

मांडवीकाठ (पणजी):
तुमच्या ओळखीत इथरवाले असतील, बाब. माझ्या वाड्यावर असा एकही माणूस नाही.