जुनेच पार्ट वापरून आवाज न करणारा पीसी जमेल काय?

हार्मोनियमवाला
नमस्कार मंडळी, फोंड्याला घरीच पेटी आणि गाणं रेकॉर्ड करतो, चवथीच्या आधी चार-पाच आरत्या नीट करून ठेवायच्यात. पण आलाप संपला की मागे तो घूंऽऽ चालूच. छताचा पंखा बंद करून मी घामाने निथळतो, हा डबा काही गप्प बसत नाही. मशीन २०१४ चं: आय५ ४५९० प्रोसेसर, ८ जीबी डीडीआर३ रॅम, जीटीएक्स ७५० टीआय ग्राफिक्स कार्ड, २४० जीबी एसएसडी, १ टीबी ७२०० आरपीएमची हार्डडिस्क, ४५० वॅटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) तेव्हाचाच. विंडोज १० चा सपोर्ट पण ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ यावर रीतसर चढत नाही, म्हणून रायझन ५ ५६००जी प्रोसेसर घ्यावा म्हणतो. जुन्यातलं काय ठेवू? कॅबिनेट जाड पत्र्याचं आहे, टाकवत नाही.

म्हापसेकर
बोर्ड, प्रोसेसर, रॅम तिन्ही एकदम बदलावे लागणार, डीडीआर३ नव्या बोर्डात बसतच नाही. कॅबिनेट, एसएसडी खुशाल ठेवा. ५६००जी मध्ये ग्राफिक्स आतच आहे, रेकॉर्डिंगला ७५० टीआयची गरज नाही, काढला की एक पंखा कमी. एसएमपीएस मात्र ठेवू नका, इतक्या वर्षांत आतले कपॅसिटर उन्हाळ्याने सुकलेले असतात, तो गेला तर जाताना बोर्ड घेऊन जाईल. आणि कॅबिनेटचे जुने ३ पिनचे पंखे परत लावणार असाल तर बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) डीसी मोड करा, पीडब्ल्यूएमवर (४ पिनच्या पंख्यांच्या मोडवर) राहिले तर फुल स्पीडने बोंबलतात. मग म्हणाल नवा पीसी जुन्यापेक्षा जास्त ओरडतो.

दर्यावर्दी
पंखे जुने नकोच. आम्ही समुद्राला लागून राहतो, खाऱ्या हवेने बेअरिंग कुरकुरायला लागतं आणि पावसात सगळ्याला गंज. १२० मिमीचे दोन-तीन घ्या आणि ७००-८०० आरपीएमवर (मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांवर) फिरवा, एक पंखा जोरात पळवण्यापेक्षा बरं. सारखे दोन पंखे लावले तर आवाज दुप्पट वाटत नाही, ३ डेसिबलच वाढतो. बाकी कॅबिनेट उघडाल तेव्हा आधी टॉर्च मारून बघा हं, माझ्याकडे एकदा एसएमपीएसच्या जाळीत वाळून कडक झालेली पाल निघाली होती.

रात्रपाळी
थांबा रे, आवाज कसला ते न बघताच खरेदी चाललीय! ५६००जी लावला आणि घूं तसाच राहिला तर? गाण्याच्या आधी ३० सेकंद गप्प रेकॉर्ड करा, ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तेवढाच तुकडा निवडून प्लॉट स्पेक्ट्रम (कोणता सूर किती जोरात आहे तो आलेख) उघडा, साइज १६३८४ ठेवा, नाहीतर जवळजवळचे सूर एकमेकांत मिसळून दिसतात. ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला १२० फेऱ्या घेते, म्हणजे १२० हर्ट्झला टोक दिसलं तर चोर तीच. ५० किंवा १०० ला दिसलं तर ते विजेच्या पुरवठ्याचं, त्याला कितीही भारी पंखे लावा, काही फरक पडणार नाही. आणि माइक कार्डिऑइड (समोरचं ऐकणारा, मागचं कमी ऐकणारा) असेल तर त्याची पाठ पीसीकडे करा, फुकटात जमतं.

हार्मोनियमवाला
आज संध्याकाळी केलं. १२० लाही टोक आणि १०० लाही! डिस्कची केबल काढून परत घेतलं तर १२० वालं साफ गेलं. हातात धरून चालू केली तेव्हा हाताला बारीक थरथर लागली, नुसत्या पत्र्याला घट्ट स्क्रू मारलेली होती ना. पण १०० वालं तसंच.

रात्रपाळी
डिस्क स्क्रूने बसवूच नका, लेंग्याच्या इलॅस्टिकने ५.२५ इंची कप्प्यात झोळीसारखी टांगा, हलवताना तेवढी जपा. आणि रेकॉर्डिंग करताना खोलीत काय काय चालू असतं? चोकवाली ट्यूब?

हार्मोनियमवाला
देवखोलीतली ट्यूब! मध्ये नुसता पडदा आहे, आई संध्याकाळी दिवा लावते तेव्हापासून ती चालूच. बंद केली आणि १०० गेलं. चार वर्षं मी पीसीला शिव्या घालत होतो. सध्या डिस्क इलॅस्टिकवर, एसएमपीएस नवीन मागवलाय, ५६००जी चवथीनंतर बघू. इलेक्ट्रिशियनला ट्यूब बदलून एलईडी लावायला सांगितलंय, "येतो" म्हणालाय, म्हणजे कधी ते तुम्हाला माहीतच आहे.